इंजिन शांत झालं त्या दोन हिवाळ्यांविषयी

मी, टोबायस बोर्नट्रेगर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा दूध, राहणार हिकरी टेकडी, विस्कॉन्सिन, कुणाच्या दडपणाखाली न येता, राजीखुशीनं सांगून ठेवतो ते असं की, माझं डोकं ठिकाणावर आहे, उजवी बाजू नाही. मार्चमध्ये ती लुळी पडली. म्हणून मी सांगतो आहे आणि वकील हाल्वर्सन यांच्या कचेरीतल्या लिंडाल बाई लिहून घेत आहेत. अक्षर त्यांचं, शब्द माझे. शब्द सुधारू नका असं मी त्यांना दोनदा बजावलं आहे.

वकीलसाहेबांनी आरंभी 'शपथेवर लिहून ठेवतो' असं घातलं होतं. ते मी खोडायला लावलं. आम्ही आमिश, जुन्या चालीनं राहणारे ख्रिस्ती लोक, शपथ घेत नाही. माणसाचं होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, एवढ्यावर आमचं भागतं. हे त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि सांगता सांगता माझी मलाच लाज वाटली. का, ते पुढे येईल.

कलम पहिलं. सत्त्याऐंशी एकर जमीन, घर, गोठा, दूधघर आणि अडतीस गाई माझी मुलगी अडा आणि जावई विल्बर यांना द्याव्यात. आमच्याकडे शेत धाकट्या मुलाकडे जातं. धाकटा म्हणजे डेल्बर्ट. त्याच्याकडे ते जात नाही. विल्बर माणूस सोन्यासारखा आहे, फक्त गाईच्या मागे उभा राहून विचार करत बसतो. गाय विचार करत नाही, लाथ मारते. अडा, त्याला बाजूला उभं राहायला शिकव.

कलम दुसरं. दोन्ही घोडे आणि बग्गी विल्बरला. तांबडा घोडा डाव्या वळणावर बिचकतो, त्याला दटावू नये. माझी पत्नी सवीला हिनं शिवलेल्या चारही गोधड्या अडाला. सवीलाला जाऊन आठ वर्षं झाली. तिचं दूध काढायचं तीन पायांचं स्टूल मात्र अडानं मागू नये. ते डेल्बर्टचं आहे.

कलम तिसरं दूधघरातल्या यंत्रांचं. हे लांबेल. लिंडाल बाई, चहा घेऊन बसा.

आमच्या घरात रस्त्यावरची वीज येत नाही, येऊ द्यायची नाही असा आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, नियम आहे. पण दूध घेणाऱ्यांना दूध दोन तासांत गार लागतं, नाहीतर टँकर तसाच पुढे जातो. म्हणून आम्ही डिझेल इंजिनावर दोन कामं करायचो. एक, दूध ओढणारा व्हॅक्यूम पंप. दुसरं, बल्क कूलरचा, म्हणजे दूध गार ठेवायच्या मोठ्या टाकीचा, कॉम्प्रेसर. पहाटे आणि संध्याकाळी इंजिन सुरू झालं की शेजारच्या खोऱ्यात कळायचं बोर्नट्रेगरकडे दूध निघतंय. दुधाचे येणारे पैसे निम्मे त्या इंजिनाच्या घशात जायचे.

डेल्बर्ट बावीस वर्षांचा असताना त्यानं प्लेट कूलर आणला. पोलादी पत्र्यांचा गठ्ठाच तो, दुसरं काही नाही. एका पत्र्यावरून कासेतलं गरम दूध जातं, पलीकडून विहिरीचं पाणी. दूध कूलरमध्ये पडायच्या आधीच निम्मं गार होतं, आणि कोमट झालेलं पाणी गाईंच्या हौदात जातं. जानेवारीत गाई ते पाणी अशा पितात की बघत राहावं, आणि दूधही जास्त देतात. ना वीज, ना डिझेल. आमचे बिशप एझ्रा मास्ट बघायला आले, पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाले, यात पाप कुठे आहे ते मला तरी दिसत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याही दूधघरात तो बसला. मग डेल्बर्टनं कॉम्प्रेसरची वाया जाणारी ऊब नळ्यांतून फिरवून भांडी धुवायचं पाणी तापवलं. तेही चाललं. पोराची कॉलर ताठ झाली. माझीही झाली, खोटं कशाला बोलू. आमच्या कपड्यांना कॉलर नसते तो भाग वेगळा.

तिसरी गोष्ट चालली नाही.

पंप एक गाय असो की आठ, सारख्याच जोरानं ओढतो. जास्तीची ओढ मारायला एका झडपेतून बाहेरची हवा आत घेतो. एकदा डेल्बर्टनं मला त्या झडपेपाशी उभं केलं. म्हणाला, "बाबा, ही फुसफुस ऐकू येते ना? हे आपलं डिझेल चाललंय."

चाळीस वर्षं मी तो आवाज ऐकत होतो. तो कशाचा आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं पंपाला एक डबी बसवली. गाईंना लागेल तेवढाच पंप फिरायचा. पण डबीला वीज लागते. म्हणून मक्याच्या कोठारावर, रस्त्यावरून न दिसणाऱ्या बाजूला, सौर पट्ट्या आल्या, खाली बॅटऱ्या आल्या, पंपाला मोटार आली. इंजिन दूध गार करण्यापुरतं तासभर लावायचं, बाकी बंद. महिन्याला भरावी लागणारी डिझेलची टाकी तिसऱ्या महिन्यापर्यंत पुरायला लागली.

आणि हे मला माहीत होतं. लिंडाल बाई, हे वाक्य ठळक लिहा. पट्ट्या चढवताना खालून शिडी मी धरली होती.

पहिल्या दिवशी मला वाटलं मी बहिरा झालो. मग गाई रवंथ करताना ऐकू आल्या. आणि सवीला ऐकू आली. दूध काढताना ती गुणगुणायची. हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलं, कारण इंजिनाच्या धडधडीत कधी ऐकूच आलं नव्हतं. तिला म्हटलं, तू आधीपासून गातेस? ती म्हणाली, तुम्ही काय समजलात, नुसती ओठ हलवत होते? असे दोन हिवाळे गेले. ते तिचे शेवटचे दोन. माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस मी काढलेले नाहीत.

मग मंडळीचे डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे, मॅहलन संध्याकाळी माझी शिडी मागायला आले. दुधाची वेळ आणि इंजिन गप्प. त्यांना आधी काळजी वाटली, मला काही झालं की काय. मग ते दूधघराला वळसा घालून मागे गेले. आमचं बिंग शांततेनं फोडलं.

रविवारी प्रार्थनेनंतर फक्त मंडळीचे सभासद थांबले. डेल्बर्टला पुढे बोलावलं. गुडघे टेक आणि सगळं चुकलं म्हण, एवढंच मागणं होतं. तो म्हणाला, "लपवलं ते चुकलं. त्यासाठी गुडघे टेकतो. पण डिझेल वाचवलं ते पाप होतं, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका." बिशप म्हणाले, अर्धं टेकता येत नाही. कुणाला ठाऊक होतं असं विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, माझं मीच केलं.

मग त्याला बाहेर पाठवलं. आमच्यात माणूस वाळीत टाकायचा तर बाकांवरून एकेकाचं मत कानात घेत जातात. सगळ्यांचा होकार लागतो. एक जरी नाही म्हणाला तरी गोष्ट थांबते, पुढच्या वेळेवर जाते, बोलणं होतं, कधी मिटतंही. माझ्या डावीकडच्यानं होय म्हटलं. मग मत घेत आलेले मॅहलन माझ्यापुढे वाकले.

मी होय म्हणालो.

मनाची समजूत घालायला मी पुष्कळ कारणं गोळा केली. दोघंही वाळीत पडलो तर गाई कोण सांभाळणार, सवीलाची तब्येत, अडाचं ठरत आलेलं लग्न. खरं कारण एकच. मी घाबरलो. डेल्बर्टला आत बोलावून सांगण्यात आलं, निर्णय एकमतानं झाला. एकमतानं म्हणजे काय ते त्याला कळत होतं. तरी घरी येताना बग्गीत तो मला म्हणाला, बाबा, गुडघ्यावर कांबळं घ्या, वारं आहे. आजपर्यंत त्यावरून त्यानं मला एक शब्द विचारलेला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

पट्ट्या उतरल्या, इंजिन पुन्हा धडधडायला लागलं. त्याला आता आठ वर्षं झाली. डेल्बर्ट गावात राहतो आणि इंग्रजांच्या गोठ्यांत हीच यंत्रं बसवतो. आमच्यात नसलेल्या सगळ्यांना आम्ही इंग्रजच म्हणतो. आमचे वकीलसाहेब नॉर्वेकडचे, पण तेही इंग्रजच. चाळीस मैलांत कुणाचं लाइटबिल जास्त आलं की डेल्बर्टला फोन जातो. तो इथेही येतो. त्याचं ताट वेगळ्या टेबलावर असतं. त्याच्या हातून आम्ही काही घेत नाही. तो वस्तू टेबलावर ठेवतो, हात मागे घेतो, मग आम्ही उचलतो. त्याचं कामही घेता येत नाही. त्याला द्यायला मात्र मनाई नाही.

गेल्या जुलैत कॉम्प्रेसर बंद पडला. डेल्बर्ट योगायोगानं आलेला होता. म्हणाला, झडप अडकली आहे, पाच मिनिटांचं काम. विल्बर दारात आडवा उभा राहिला आणि रडकुंडीला आला. डेल्बर्ट म्हणाला, बरं, मी हात लावत नाही, नुसतं बोट दाखवतो. बोट दाखवणं हे काम धरायचं की नाही, ते विल्बरला ठरवता येईना. त्यानं माझ्याकडे बघितलं. मलाही ठरवता येईना. निरोप गेला, बिशप शेतावर होते. ते येईपर्यंत दोन वेळचं दूध नासलं आणि शेणाच्या खड्ड्यात गेलं. डेल्बर्ट खड्ड्याच्या काठाला उभा राहून ते बघत होता. त्याच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

मागच्या महिन्यात मी बिशपना बोलावलं आणि शिडी धरली होती ते सांगून टाकलं. एझ्रा माणूस वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "टोबायस, तुला माफी मिळेल. पण तुझ्या गुडघ्यांनी डेल्बर्टची गाठ सुटणार नाही. ती त्यानंच सोडवायची." आणि डेल्बर्ट सोडवणार नाही. तो माझ्यासारखा नाही, त्यात मला एवढंच सुख आहे.

तर कलम तिसरं. प्लेट कूलर मला डेल्बर्टला द्यायचा होता. पण तो काढून नेला तर अडाचं दूध तापेल. वकील म्हणाले, मालकी त्याची ठेवा, वापर अडाचा. मी म्हटलं, मग अडा त्याची वस्तू वापरणार, म्हणजे त्याच्याकडून घेतल्यासारखंच. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आम्ही अर्धा दिवस खटपट केली. प्लेट कूलर, नळ्या, इंजिन, सगळं अडाकडेच राहतं. दुसरा मार्ग सापडला नाही.

डेल्बर्टला सवीलाचं स्टूल. शिवाय त्या दोन हिवाळ्यांत डिझेलचे जे पैसे वाचले ते मी बँकेत वेगळे ठेवले होते. ते व्याजासकट त्याला द्यावेत. तो नको म्हणेल. वकीलसाहेबांनी ऐकू नये.

कलम चौथं. डीकन मॅहलन यांना माझी बारा फुटी शिडी. ती आठ वर्षं त्यांच्याकडेच आहे.

कलम पाचवं. माझ्या अंत्यविधीला डेल्बर्ट येईल. जेवणात त्याचं टेबल वेगळं मांडलं जाईल. ते मांडू नका असं मी लिहू शकत नाही. लिहिलं तर मांडणाऱ्या अडाला त्रास. फक्त ते खिडकीपाशी मांडावं, तिथे उजेड आहे.

या मृत्युपत्राची तामिली वकील हाल्वर्सन यांनी करावी. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

सहीच्या आधी एक गोष्ट आणखी लिहून घ्यायला सांगत आहे. आज डेल्बर्ट आला आहे. सही करायला मी डाव्या हातात पेन घेतलं, ते निसटून खाली पडलं. त्यानं वाकून उचललं. मी हात पुढे केला. साक्षीदार बघत होते, अडा बघत होती, तरी मी हात पुढेच धरून ठेवला. पुष्कळ वेळ धरला. तो म्हणाला, "बाबा, नको. तुम्हाला त्रास होईल," आणि पेन टेबलावर ठेवून हात मागे घेतला.

ते उचलून मी ही सही करत आहे.

टोबायस बोर्नट्रेगर
(डाव्या हाताची सही)

आम्ही दोघांनी टोबायस बोर्नट्रेगर यांना शुद्धीवर असताना सही करताना पाहिलं. आम्हा दोघांचा या मिळकतीत काही हिस्सा नाही.

साक्षीदार १ : गेलॉर्ड टॉलेफसन, दुधाच्या टँकरचे चालक
साक्षीदार २ : ग्रेटा लिंडाल, वकिलांच्या कचेरीत लेखनिक

ठिकाण : हिकरी टेकडी, स्वयंपाकघर
दिनांक : १४ ऑक्टोबर २०१९