पडीतावरची वसाहत आणि विहिरीचे कुलूप

प्रति,
मे. डेप्युटी कमिशनर साहेब,
जिल्हा बुलढाणा.

विषय : पडीत जमिनीवरील नवी वसाहत, आटलेली विहीर व इंजिनाच्या खोलीचे कुलूप तोडविण्याबाबत.
संदर्भ : आज सकाळची मारामारी.

महोदय,

१. आमच्या घराचा पाया खणत असता जुन्या वाडीतील रुखमाबाई मला म्हणाली होती, "बाई, हे पडीत आमच्या आज्यानं मुद्दाम सोडेल हाये. इथं मुरते तेच पानी खाली हिरीत उतरते. याच्यावर फरशा टाकसान तं प्यासान काय?" मी हसले. नकाशात 'पडीत' लिहिले होते आणि कॉलेजात शिकलेल्यांस पडीत म्हणजे निकामी, एवढेच ठाऊक.

२. आखणी करणाऱ्यांनीही तोच अर्थ धरला. रस्ते, गटारे, फरसबंद अंगणे झाली. पावसाचे पाणी मुरेना, गटारातून उताराला लागले. घरे वाढत गेली, विहीर तीच. तिच्यावर वसाहतीने तेलाचे इंजिन बसविले. यंदा तळ दिसताच वसाहतीचे पुढारी उत्तमराव व नजीर ठेकेदार यांनी विहिरीभोवती कुंपण घालून त्याच्या फाटकास कुलूप लावून वाडीस बंदी केली आणि लाठ्या घेऊन माणसे बसविली.

३. आज सकाळी रुखमाबाई घागर घेऊन आलीच. उत्तमराव म्हणाले, "काऊन वं, कुलूप दिसत नाही काय?"

"दिसते ना! माह्या आज्यानं खंदेल हिरीले तुह्या बापाचं कुलूप!"

नजीरने तिचीच घागर तिच्या डोक्यात घातली. तिचा दीर कडूबा कुदळ घेऊन धावला, त्याने एकाचा जबडा फोडला. मग लाठ्यांनी त्याचा हात असा मोडला की हाड बाहेर आले. दगड सुरू झाले. वाडीची माणसे कडूबाला उचलून पळाली. रुखमाबाई मागे राहिली. तिला केसांस धरून फरफटत नेऊन इंजिनाच्या खोलीत कोंडले. ओढणाऱ्यांत माझे यजमान इंद्रभान होते. मी खिडकीतून पाहिले.

४. तिला पाणी नेते म्हणताच यजमानांनी मलाच तान्ह्या मुलासह बाहेरून कडी घातली. वसाहतीची फेरआखणी व्हावी, पडीत मोकळे करावे, हे मागाहून सविस्तर लिहीन. तिला कोंडलेली इंजिनाची खोली आमच्या भिंतीस लागून आहे. दुपारपर्यंत मी भिंत ठोकली की ती पलीकडून ठोकत असे. आता ठोकत नाही. दूधवाल्या शालूबाईच्या हाती खिडकीतून हा अर्ज देत आहे. साहेब, उत्तर लिहीत बसू नये. माणूस पाठवून, रुखमाबाईचा श्वास चालू आहे का, तेवढे आधी पाहावे.

आपल्या शिपायाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सौ. आशाबाई इंद्रभान वानखडे
नवी वसाहत, बुलढाणा
ता. १४ मे १९४६