दस्त्यात अडकलेली रायफल

ब्योर्कमो, १९ मार्च

प्रिय आयविन,

पाकिटात एक चौकोनी जाड कागद घातलाय. पत्र वाचण्याआधी तो खिडकीशी नेऊन उजेडात धर. मधलं भोक एका गोळीचं वाटेल. ते पाच गोळ्यांचं आहे. शंभर मीटरवरून, एकामागून एक पाच. मी त्यावर एक क्रोनरचं नाणं ठेवून पाहिलं, तर सगळं नाण्याखाली गेलं. दहा दिवस हा कागद मी स्वयंपाकघराच्या काचेला चिकटवून ठेवला होता. सकाळी ऊन आलं की त्यातून उजेडाचा एक ठिपका टेबलावर पडायचा आणि मी कॉफी थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. चौसष्ट वर्षांच्या बाईनं एवढं बघत बसावं असं त्यात काय आहे, हे तुला सांगायला नको. ती तुमची रायफल आहे, आयविन. तू आणि तुझ्या दादानं, हाल्वरनं, मिळून केलेली.

हो, तीच. लाकडी दस्त्यात अडकलेली.

इकडे बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकलाय. एल्क हरणांनी सफरचंदाच्या खालच्या फांद्या खाऊन टाकल्या. ओस्मुनच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तरी नेमबाजी मंडळाच्या किल्ल्या अजून त्याच्याच खिशात आहेत. ‘त्या किल्ल्या काढल्या तर मी सरळ चालेन की काय अशी भीती वाटते,’ म्हणतो. शाळेच्या स्वयंपाकघरातून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता बटाटे फक्त माझ्यापुरते सोलते. दोन. हाल्वरला जाऊन दीड वर्ष होईल. अंत्यविधीला तू चर्चमध्ये मागच्या बाकावर होतास आणि कॉफीच्या आधी निघून गेलास, हे मी पाहिलं होतं. तुझ्यासाठी कप भरून ठेवला होता.

ती रायफल करायला तुम्हाला चार हिवाळे लागले. मला वाटायचं, माणसं पैसे नसले की कमी दर्जाचं काहीतरी घेतात आणि भागवतात. तुम्ही दोघं उलट होतात. पैसे नव्हते म्हणून वेळ घातलात. नळीच्या मागची पोलादी पेटी हाल्वरनं एका गोठ्यातून आणली. जर्मन लोक युद्धानंतर टाकून गेलेली बंदूक, आणि तो शेतकरी तिनं गोठ्याचं दार अडवायचा. नळी गावातल्या नेमबाज दंतवैद्याची. तो दर दोन वर्षांनी नळी बदलायचा. ‘घेऊन जा, हिचे दात पडलेत,’ असं म्हणून त्यानं ती जवळजवळ फुकट दिली. मग हाल्वरनं मला समजावून सांगितलं होतं, की नळी झिजते ती मागच्या टोकाला, जिथे स्फोट होतो तिथे. तेवढा चार बोटं भाग कापून टाकायचा, नवीन आटे पाडायचे. पुढची नळी कोरीच असते. तेव्हा तू टेबलाच्या त्या टोकाला बसून म्हणालास, “आपलंही असं करता आलं तर? मागचा खराब तुकडा कापायचा, की झालं.” तुझं पिणं सुटून चौदा महिने झाले होते. आम्ही कोणीच हसलो नाही, पण हाल्वरनं तुझ्या बशीत न विचारता आणखी एक वॅफल ठेवलं.

दस्ता तुमच्या आईनं लावलेल्या बर्चचा. वादळात ते झाड पडलं आणि त्याचा ओंडका नऊ वर्षं माळ्यावर वाळत होता. त्या दस्त्यात पेटी बसवण्याचं काम मी रोज संध्याकाळी विणताना पाहायचे. पोलादाला दिव्याची काजळी फासायची, लाकडात दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच टेकतंय, म्हणून तिथेच खरवडायचं. किती? मी एकदा विचारलं. हाल्वर म्हणाला, “तुझ्या लोकरीच्या एका तंतूचाही दहावा भाग.” मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. मोठ्या हातांचा माणूस, लाकडं फोडणारा, आणि जिथे डोळ्याला काही दिसत नाही तिथलं काढत बसलेला. मी लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्याकडे नव्यानं पाहिलं ते त्या हिवाळ्यात.

शेवटचं काम राहिलं होतं ते लुकणाचं. तू ते होड्यांच्या कारखान्यातून जॅमच्या दोन बरण्यांत आणलंस. पेटी आणि लाकूड यांच्यामध्ये ते भरायचं, वाळून दगडासारखं घट्ट झालं म्हणजे केसाएवढीही फट उरत नाही. पण आधी सगळ्या पोलादाला बुटाचं पॉलिश फासायचं, नाहीतर लुकण पोलादालाच धरून बसतं. पॉलिशचं काम तुझं, लुकण कालवायचं काम हाल्वरचं. फेब्रुवारीतला रविवार होता. तुझं फासून झालं आणि तेवढ्यात नगरपालिकेच्या बर्फगाडीनं आपल्या फाटकासमोर डोंगर करून ठेवला. तुम्ही दोघं फावडी घेऊन गेलात, अर्ध्या तासानं नाकं लाल करून परत आलात, लुकण भरलंत, स्क्रू आवळलेत.

दुसऱ्या दिवशी घोडा बसवायला पेटी काढायची होती, तर ती निघेना. लाकडी हातोडीनं नाही, उकळत्या पाण्याच्या फडक्यानं नाही. आठवडाभर ती फ्रीझरमध्ये एल्कच्या मांसाशेजारी पडून होती, तरी नाही. मग ते बोलणं झालं. मला ते शब्द न् शब्द पाठ आहे, तुलाही असेल. हाल्वर म्हणाला, “एक काम दिलं होतं तुला. एक!” तू म्हणालास, “मी लावलं होतं, दादा. दोन हात लावले.” “मग काय भुतानं पुसलं?” आणि वर त्यानं ते विचारलं, जे त्यानं विचारायला नको होतं: “खरं सांग, पुन्हा सुरू केलंयस का?” तू टोपी घातलीस. दार आपटलंही नाहीस. दोन महिन्यांत दूर बोडोला फेरीबोटीवर कामाला लागलास.

त्या रविवारी तू कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतंस. तुझा कप सकाळपासून मीच भरत होते. हे त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी भांड्यांच्या मोरीशी, तुमच्याकडे पाठ करून उभी होते आणि नळ चालू होता.

रायफल त्यानं कपाटात ठेवली. लोक म्हणायचे, दस्ता फोड, पेटी तरी वाचेल. तो म्हणायचा, “आईचं झाड आहे.” दुसरी करायलाही घेतली नाही. उणे पस्तीसची थंडी आपल्या खोऱ्यात दरवर्षी येत होती, आणि अशा थंडीत पोलाद लाकडापासून सुटतं हे त्याच्या स्वतःच्याच वहीत लिहिलेलं होतं. पण तो ती एकदाही बाहेर घेऊन गेला नाही. मला वाटतं, ती सुटली असती तर त्याला तुला फोन करावा लागला असता. आजारपणात एकदा त्यानं आपणहून विषय काढला. मी विचारलं, “आयविनला बोलावू का?” तो म्हणाला, “बोलावून काय सांगू? माझं चुकलं म्हणू, तर मला तसं वाटत नाही. त्याचं चुकलं म्हणू, तर ते सांगून झालंय.” तेव्हाही मी फक्त त्याची उशी सरळ केली.

तो गेल्यावर मी ती वही वाचायला घेतली, आधी फक्त त्याच्या अक्षरासाठी. मग समजत नव्हतं म्हणून पुस्तकं मागवली. फिरत्या ग्रंथालयाच्या बसवरची तुरी पहिल्यांदा पुस्तक हातात देताना म्हणाली, “योरुन, दर वेळी दोन कादंबऱ्या नेतेस, आता बंदुका? कुणाला उडवायचंय? मला आधी सांग, साक्षीदार म्हणून नाव तरी छापून येईल.” मी म्हटलं, नवऱ्याशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं करतेय. पुढच्या वेळी ती न मागता तिसरं पुस्तक घेऊन आली.

जानेवारीच्या शेवटी पारा उणे सदतीसवर गेला. मी रायफल ओसरीत नेली आणि तीन दिवस जवळच ठाण मांडलं; बंदूक कुलपाबाहेर का, असं पोलिसांनी विचारलं असतं तर काय सांगणार होते, कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी दुपारी नळीखाली घोंगडी धरून लाकडी हातोडीनं एक टोला दिला. इतका बारीक आवाज झाला, तळ्यावरचा बर्फ लांब कुठेतरी तडकावा तसा. आणि पेटी माझ्या हातात आली. दोन पुरुषांना न निघालेली, नऊ वर्षं अडकून पडलेली. मी तिथेच थंडीत खाली बसले. दस्त्याच्या आत लुकणावर पोलादाची हुबेहूब प्रतिमा होती: पोलादावरचा ओरखडा न् ओरखडा, गोठ्यातल्या गंजाचे टोचेसुद्धा. एवढंच नाही, पुढच्या बाजूला तुझ्या अंगठ्याचा ठसा होता, पॉलिश फासतानाचा, रेघ न् रेघ मोजता येईल असा.  अडकलं होतं ते मागच्या टोकाला, टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत. त्या जागेच्या कडेला आणखी एक खूण होती. ती मी अंधार पडेपर्यंत पाहत राहिले.

मग ती उखडलेली जागा मी लुकणानं पुन्हा भरली. पॉलिश तीन हात लावलं. ओस्मुन बघायला आला, तर त्याला दारातच सांगितलं, टेबलाला हात लावशील तर कॉफी मिळणार नाही. “वहिनीबाई, हाल्वरसुद्धा एवढा कडक नव्हता,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. नऊ मार्चला मैदानावर ओस्मुननं आडवं पडून पाच गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मला म्हणाला, “चार चुकल्या.”  आम्ही चालत निशाणापर्यंत गेलो. त्यानं चष्मा पुसला, भोकाच्या कडेवरून नख फिरवलं, मग टोपी काढली. त्या म्हाताऱ्यानं राजासमोर टोपी काढली असती की नाही, शंका आहे. “कोणी केलं हे?” मी म्हटलं, आयविन आणि हाल्वरनं. तो म्हणाला, “मग आयविनला सांग.”

आता ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. तुम्ही फावडी घेऊन गेलात तेव्हा टेबलावर माझ्या आईनं भरतकाम केलेला पांढरा टेबलक्लॉथ होता. पेटीच्या मागच्या टोकाचं तपकिरी पॉलिश त्याला लागत होतं. मला ती घाण वाटली. मी भांड्यांच्या फडक्यानं ते टोक पुसलं, खाली वर्तमानपत्र सारलं आणि पेटी होती तशी ठेवली. कडेला उरलेल्या पॉलिशवर उमटलेली त्या फडक्याची वीण, तीच ती दुसरी खूण, आज त्या लुकणात दिसते, उभे आडवे धागे, मोजता येतील इतके साफ. तसं विरळ विणीचं फडकं या घरात दुसरं नव्हतं. पुसलं होतं हे मला त्याच सोमवारी आठवलं होतं. नंतर मी स्वतःला समजावत गेले, की एवढ्यानं काय होणार, की तुझ्याकडूनही कुठे राहिलं असेल. तुझ्याकडून कुठेही राहिलेलं नव्हतं. बाकी सगळीकडे दोन हात पॉलिश आहे, तू म्हणालास तसं. हाल्वरनं विचारलं होतं ते भूत मीच, आणि तो हे न कळताच गेला. त्याच्याजवळ आता मला काही दुरुस्त करता येत नाही. तुझी त्यानंतरची वर्षं कशी गेली, तू पुन्हा प्यायलास की नाही, हे विचारायचा मला हक्क नाही. पोलीस कचेरीचं पत्र आलंय, की मेलेल्या माणसाची बंदूक मेअखेर कुणाच्या तरी नावावर व्हायला हवी, नाहीतर ती वितळवायला जाते. सोबतच्या अर्जावर मी पेन्सिलीनं तुझं नाव लिहिलंय. माझं तोंड बघायचं नसेल तर फक्त सही करून ओस्मुनकडे पाठव. यायचं असेल तर ये. नळी कशालाही टेकत नाही ना हे पाहायला हाल्वर नळी आणि दस्ता यांच्यामधून कागद ओढायचा, तसा मीही ओढला, पुढून थेट पेटीपर्यंत, आणि तो कुठेच अडला नाही. तो कागद म्हणजे हेच पान. उजव्या कडेला बघ, तेलाची एक फिकट रेघ आहे.

तुझीच वहिनी,
योरुन