खुनी क्लोरीनचा चेहरा

रोहा, ४ जानेवारी २०२५

चि. निकेशास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बाबांचा विषय निघाला की तू कट करतोस, म्हणून पत्र. नववीच्या मुलांसाठी मी रहस्याचा खेळ रचतेय. खड्ड्यात एक कामगार मरून पडलाय. संशयित चार मूलद्रव्यं: सोडियम, पारा, फॉस्फरस, क्लोरीन. चिठ्ठ्यांवरचे पुरावे जुळवून खुनी पकडायचा. खुनी क्लोरीन. हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो आणि फुप्फुसं आतून जाळतो. आपले बाबा कंपनीत तसेच गेले. निदान माझ्या वर्गातल्या मुलांना तो वास आला की उंचावर पळायचं, एवढं तरी कळावं.

तुझ्या कारखान्यात चौघांचे वीतभर पुतळे करून दे. जन्मभर गणपती केलेस, आता जरा राक्षस कर. पूजाला आशीर्वाद. माझ्यावर रागावू नकोस, माया असू दे.

तुझी ताई,
रोहिणी

पेण, २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुतळे एसटीने पाठवलेत. क्लोरीनला रंग पिवळट हिरवा दिलाय आणि चेहरा जितेशचा. सहा वर्षं झाली, पण ते तोंड मला पाठ आहे. त्या शिफ्टला ऑपरेटर तोच होता, सिलिंडर त्यानेच उघडला. दहाव्याच्या दिवशी रोहा स्टँडवर मी सळईने त्याचा उजवा हात मोडला, तेव्हा हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं. मला बरं वाटलं. आजही वाटतं. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. मनात पाप नसेल तर कोण गप्प बसेल?

पेटी सांभाळून उघड, नाकावर फार मेहनत घेतलीय. आहे तसा लोभ ठेव.

तुझा निकेश

रोहा, २ फेब्रुवारी

चि. निकेशास अ. आ. वि. वि.

चेहरा पाहूनही मी तो पुतळा मांडला. खरं सांगते, मलाही तो तसाच हवा होता.

निडी गावाहून येणारी अपेक्षा त्याच जितेशची मुलगी, हे मला वर्गात कळलं. तिने बाप ओळखला. वर्गातल्या ऋत्विकने हसून खुनी सापडला म्हटलं, तर तिने पुतळा त्याच्या कपाळावर फोडला. सात टाके पडले. रक्ताने वह्या भिजल्या तरी ती तुकडे चपलेने चिरडत राहिली. तिचा बाबा खुनी नाय, त्याच्या हाताचा तळवा जळलाय, पळणाऱ्याचा हात जळतो काय, असं ती मला विचारत होती.

मी चौकशीचा अहवाल मिळवून वाचला. झडप गंजून फुटली होती. ती कोणी उघडली नव्हती. जितेश उघड्या हाताने ती बंद करत होता. सहा वर्षांत आपण तो अहवाल वाचलाच नाही. मला माझीच किळस येते. त्याला भेट. माझ्यात तेवढा धीर नाही.

ताई

पेण, ९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल निडीला गेलो. तक्रार का नाही केलीस, विचारलं. जितेश म्हणाला, झडप सोडून जनूकाकांना, म्हणजे आपल्या बाबांना, खड्ड्यातून वर ओढायला हवं होतं काय, ते त्याला अजून समजत नाय. मार पडला तेव्हा बरोबरच पडतोय असं वाटलं.

मी बरोबर नेलेली सळई त्याच्या हातात दिली आणि माझा उजवा हात ओट्यावर ठेवला. मूर्तींचे डोळे याच हाताने आखतो, हाच मोड, म्हटलं. त्याची बायको सगुणा मध्ये पडली, तिला त्याने ढकललं. त्याला मारायचंच होतं. दात खाऊन त्याने सळई उचलली, पण हात खांद्यापर्यंतही जाईना. दोनदा प्रयत्न केला. मग सळई पडली ती त्याच्याच पायावर, आणि बोटांतून रक्त आलं.

ती बाजूला करायला मी वाकलो, सळईला हात लावला, तर सगुणा, अपेक्षा आणि तोही, तिघं एकदम भिंतीला जाऊन चिकटली.

जमलं तर माया तोडू नकोस.

तुझा निकेश