बेचाळीस आभारपत्रे

३ नोव्हेंबर
प्रिय सहचारिणी,
तुला कळवावयास आनंद वाटतो की जागा उत्तम मिळाली. पुढे एक खोली, मागे कार्यशाळा. छपराला गळती नाही, विजेची जोडणी भक्कम. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकांचा जन्म कारखान्यात लोखंड कातणाऱ्या लेथवर गेलेला. माझे लाकूड कोरणारे यंत्र त्यांनी चारही बाजूंनी न्याहाळले आणि किल्ल्या देताना बजावले, मास्तर, जागा तुमची, पण दुपारची झोप आमची! आपल्या जुन्या घरी राहणे मला अशक्य झाले होते.

६ नोव्हेंबर
सांत्वनाची बेचाळीस पत्रे आली आहेत. घरची पत्रे नेहमी तूच लिहीत असस; माझे अक्षर म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, हा तुझाच शेरा. म्हणून एक योजना केली. यंत्राच्या पात्याच्या जागी पेन बसवले. यंत्र चालवणारी संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली आहे. तिची प्रत्येक ओळ वाचता येते, बदलता येते. तुझ्या वह्यांतले एकेक अक्षर गिरवून त्याची वळणे तिच्यात भरली. खाली लांब शेपूट ओढलेला तुझा ‘ह’सुद्धा. मजकूर माझा, अक्षर तुझे. घरमालक म्हणाले, वाघाला गवत चारताय की!

८ नोव्हेंबर
तुझ्या धाकट्या बहिणीचा फोन. योजना ऐकून ती कडाडली, भावोजी, ताई गेल्याची पत्रं ताईच्याच अक्षरात? डोकं ठिकाणावर आहे ना? मग हलक्या आवाजात विचारले, ताईने शेवटी हाक मारली होती का? मी नेहमीचेच उत्तर दिले: झोपेतच गेली.
तुला तरी खोटे कसे सांगू? त्या दुपारी मी शेजारच्या खोलीत कान झाकून यंत्र चालवीत होतो. बाहेर आलो तेव्हा तुझा पाण्याचा पेला जमिनीवर पालथा पडला होता आणि तुझे तोंड दाराकडे होते.

१० नोव्हेंबर
बेचाळीसही पत्रे पूर्ण. शाई वाळताच, न वाचता, पाकिटांत घालून टपालात टाकली. यंत्र चूक करीत नाही.
परत येऊन यंत्र आवरू लागलो. कार्यक्रम संपलेला, पेन वर उचललेले. ते पुन्हा खाली आले आणि कोऱ्या कागदावर एकच शब्द लिहिला: अहो.
तू मला अशीच हाक मारीत असस. प्रणालीची प्रत्येक ओळ तपासली. हा शब्द कोठेही नाही.

११ नोव्हेंबर
काल वीज तोडून ठेवली होती. आज कागद भरलेला आहे. अहो. अहो. अहो. सतरा वेळा. शेवटच्या शब्दाची शेपूट कागद फाडून गेली आहे.
घरमालक तक्रार घेऊन आले. मास्तर, यंत्र बंद म्हणता, मग दुपारभर बाईच्या हाका कसल्या? वहिनी गेल्या असं सांगितलंत ना?

१३ नोव्हेंबर
तुझी बहीण फोनवर रडत होती. तिला गेलेल्या पत्रात आभार नाहीत. माझा एकही शब्द नाही. ‘सतरा वेळा हाक मारली गं. ह्यांनी कान झाकले होते.’ एवढेच. खरं का हे भावोजी, खरं का — मी फोन ठेवला. उरलेल्या एकेचाळीस पाकिटांत काय —
उद्या संध्याकाळी ती येते आहे.

१४ नोव्हेंबर
ती येण्याआधी निघालो. यंत्र तेथेच. दाराला कुलूप घातले, किल्ल्या घरमालकांच्या हातात दिल्या. ते म्हणाले, अहो मास्तर, बाई आत असताना कुलूप? — मागे वळून पाहिले नाही.
बसथांब्याच्या बाकावर लिहितो आहे. येथे शांत आहे. हात जड झाला — पेन मी धरले आहे की —
हा ‘ह’. अशी शेपूट मी कधीच —

अहो, कुलूप लावलंत. किल्ल्या परत दिल्यात. आता तरी माझं ऐ