सात कपाटे तत्त्वज्ञान आणि एक घर

मी, याव ड्वोमो, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त तर्कशास्त्र शिक्षक, राहणार असोक्वा, कुमासी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी आबेना टाचिवा हिला तो दाखला मान्य नाही, पण तिने तो फाडलेला नाही, एवढे पुरे.

लिहिण्याचे कारण उघड आहे. आमच्यात माणूस गेला की त्याचे सगळे त्याच्या आईच्या कुळाकडे जाते. बायको दुसऱ्या कुळातली, म्हणजे पाहुणी. आमच्या कुळाचा प्रमुख, माझा मावसभाऊ क्वाकू बोआची, गेल्या महिन्यात मला बघायला आला. माझी चौकशी करण्याआधी त्याने घराच्या भिंती पावलांनी मोजल्या. मग म्हणाला, "याव, तू निश्चिंत जा. टाचिवाला चाळीस दिवस राहू देऊ की. आम्ही काय राक्षस आहोत?"

सदुसष्ट वर्षांच्या बाईला चाळीस दिवस. कुळाचे औदार्य इथे नोंदवून ठेवतो.

कलम १. माझे प्रेत आठ दिवसांत पुरावे. ते तीन महिने शीतपेटीत ठेवून मधल्या काळात घराला रंग काढणे, मंडप घालणे, बँड ठरवणे आणि चौकाचौकांत माझ्या फोटोचे फलक लावणे, यांतले काहीही करू नये. काळ म्हणजे काय यावर मी एकवीस पुस्तके वाचली आणि मला ओ की ठो कळले नाही. शवागारात कळेल अशी आशा नाही. भाषणात क्वाकूने मला देवभीरू म्हणू नये. मी फक्त टाचिवाला भीत आलो.

कलम २. पुस्तके, कपाटे सात. ही वाचण्यात चाळीस वर्षे गेली. पुढच्यांचे कष्ट वाचावेत म्हणून सार सांगतो: एका पिढीने म्हटले, जग दिसते तसे नाही. दुसरीने म्हटले, दिसते तसेच आहे. तिसरीने विचारले, 'आहे' म्हणजे काय, आणि तिला प्राध्यापकाची जागा मिळाली. एका थोर गृहस्थाने माणसाच्या स्वातंत्र्यावर सहाशे पाने लिहून आम्हा काळ्या माणसांचा अख्खा खंड दोन ओळींत निकालात काढला आहे. त्याने आम्हाला कधी पाहिले नव्हते. मी समासात त्याला चोख उत्तरे दिली आहेत. तो वारल्यामुळे उलट टपाल आले नाही.

विचारांच्या इतिहासाचा चौथा खंड अपुरा आहे. टाचिवा कोपऱ्यावर केलेवेले विकायची, म्हणजे तिखटमीठ लावून तळलेली पिकली केळी. १९९४ साली तिने त्या खंडाची दोनशे पाने पुड्या बांधायला वापरली. मी जाब विचारला.

"अहो मास्तर, धूळ खात पडलं होतं ते," ती म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकांनी निदान चाटून तरी पाहिलं."

मी पाच महिने अबोला धरला. तिच्या मते संसारातले तेवढेच पाच महिने सुखाचे गेले.

पण आठवड्याभरात सुतार अजेई तेलकट कागद घेऊन दारात उभा. "मास्तर, हा माणूस म्हणतो, राजाला प्रजेनंच नेमलंय. मग पुढं काय झालं? पुढचं पान कुणाच्या पुडीत गेलं?"

सबंध नोकरीत माझ्या एकाही विद्यार्थ्याने पुढे काय झाले हे विचारले नव्हते. म्हणून सर्व पुस्तके कपाटांसह अजेईला. कपाटे त्यानेच केली होती आणि एकाचेही दार नीट लागत नाही. आता त्याचे त्यानेच भोगावे.

कलम ३. भाचा नाथानिएल, रिवाजाने माझा खरा वारस. त्याने विचारले होते, "मामा, पुस्तकं रद्दीत किलोनं जातात की नगावर?" त्याला माझा चष्मा.

कलम ४. घर. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. मग फळा पुसून घरी येई आणि पाय पसरून वाचत बसे. माझा पगार पुस्तकांत जाई. जमीन, विटा, पत्रे, सगळे टाचिवाच्या कढईतून आले. कागद करताना कारकुनाने विचारले, नाव कुणाचे लावू? ती म्हणाली, "यांचं लावा. शिकलेले आहेत, सही झोकात करतात." मी झोकात सही केली. तेहेतीस वर्षे घरमालक म्हणवून घेतले आणि मला ते आवडत होते. क्वाकू भिंती मोजू लागला तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली.

मागच्या मंगळवारी जमीन कचेरीत जाऊन मी घर टाचिवाच्या नावावर करून दिले. तिने कागद उलटसुलट पाहिला. "दोन पुस्तकं कमी वाचली असती," म्हणाली, "तर लवकर सुचलं असतं."

म्हणजे घर या मृत्युपत्रात येतच नाही. क्वाकूने आपली पावले परत न्यावीत.

वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. त्यामुळे बायको चालणार नाही. मी म्हटले, "आणि काहीच मिळत नसेल तर?" त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चालेल म्हणाले.

टाचिवाला अंगणातून बोलावले. वाचून दाखवू का, विचारले.

"नको. यात मला काय, तेवढं सांगा."

"काही नाही."

तिने कमरेच्या कापडाला हात पुसले. "बरं झालं. कुठं करू सही?"

ठिकाण: असोक्वा, कुमासी
दिनांक: ९ ऑगस्ट २०२३
(सही) याव ड्वोमो

साक्षीदार:
(सही) ग्रेस अन्साबिया, औषधांचे दुकान, शेजारी
(सही) आबेना टाचिवा, घरमालकीण