ए च्या शेजारी बी नाही

प्रिय सुमन,
सप्रेम जयभीम.

आज कांताबाईचा पहिला इंग्रजी मेसेज हैदराबादला पोचला! विहारातून घरी आलो आणि चप्पल काढता काढता तुला हाक मारणार होतो. मग म्हटलं, बसून लिहावंच.

कांताबाई आठवते ना? शेळ्यावाली. विहारातल्या तुझ्या इंग्रजीच्या वर्गात सगळ्यात मागं बसायची आणि सगळ्यात मोठ्यानं एबीसीडी म्हणायची. लेक हैदराबादला नर्स, नातीला मराठी वाचता येत नाही, आणि आजीला त्या पोरीशी लिहून बोलायचंय. फळ्यावरची सगळी अक्षरं तू तिच्याकडून घोटून घेतलीस, आणि फोनवर लिहायला शिकवायच्या आधीच गेलीस. असं कुणी अर्ध्यात सोडून जातं का गं?

तू गेल्यावर तुझं पुण्यानुमोदन झालं आणि पुढच्याच आठवड्यात तुझ्या वर्गातल्या बाया दारात. "सर, मॅडमनं अर्धं शिकवलं. ऱ्हायलेलं आता तुमी शिकवा."

मी नाही म्हणणार होतो. त्या दिवसांत मला घरात कुणीच नको होतं. पण कांताबाई सरळ आत येऊन बसली, फोन माझ्यापुढं धरला नि म्हणाली, "ए घावला. पण त्याच्या बाजूला बी न्हाई! हे कुणी लावलंय असं येड्यावानी?"

कितीतरी दिवसांनी मी हसलो, सुमन.

पण शिकवायचं कसं? पंचायत समितीत जन्मभर टायपिंग केलं मी. तरी कुणी "पी कुठंय?" म्हटलं की मला हवेत बोटं हलवून बघावं लागायचं. बोटांना ठाऊक, तोंडाला सांगता येईना. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. कांताबाईचा अंगठा तर एकदम दोन अक्षरांवर पडायचा. एक दिवस तिनं फोन पिशवीत टाकला. "माझ्यानं न्हाई व्हायचं हे. उगं तुमचा टाइम खराब." आणि यायचीच बंद झाली.

तू असतीस तर काय केलं असतंस? मला काही सुचेना. शेवटी विहाराच्या फरशीवर खडूनं अख्खा कीबोर्ड आखला, एकेका चौकटीत माणूस उभं राहील एवढा. मग आपल्या ताडकळस गावाच्या त्या टोकाला जाऊन, शेळ्यांना पाला टाकत असलेल्या कांताबाईला म्हणालो, "आज फोन न्हाई. नुसतं चालायचंय. चला."

ती आली. मी म्हटलं, तुमचं नाव चालून दाखवा. के वरून निघाली, डावीकडं पार टोकाला ए, परत उजवीकडं खाली एन, मग वर टी, पुन्हा ए. धापा टाकत म्हणाली, "माझं नाव लिवायला लय चालावं लागतंय की!" सगळा विहार हसला. मग प्रत्येकीला आपापलं नाव चालायचं होतं. अगं, रांग लागली होती!

महिनाभर चालल्यावर फोन पुन्हा हातात दिले. अंगठे आपसूक वळायला लागले.

आज सकाळी तिची शेळी व्याली, दोन करडं झाली. वर्गात आली तीच फुलून. भिंतीला टेकून बसली, ओठ हलवत एकेक अक्षर शोधलं. मी हात मांडीखाली दाबून धरले होते. मदत करायचा मोह होतो गं! शेवटी लिहिलं, 'गोट टू बेबी.' आणि पाठवलं.

लगेच नातीचं उत्तर! बाया उठून तिच्याभोवती जमल्या. तिनं बोट ठेवत वाचलं, "पी... एच... ह्ये फोटो हाय? मग एफ कुठं गेला, सर?"

ह्याचं उत्तर तुझ्याकडं असतं. तेवढ्यापुरतं डोळ्यांत पाणी आलं, एरवी आजचा दिवस फार छान गेला.

दिवाळीला तिची नात येणार आहे. तिलाही मराठी अक्षरं शिकायचीत म्हणे. तुला वचन देतो, मी शिकवणार नाही. खडू कांताबाईच्या हातात देईन आणि गप बाजूला बसेन.

तुझाच,
प्रल्हाद