बाकाचं डावं टोक

३ मार्च, सोमवार

पोहोचले एकदाची. सामानाचे दोन डाग, त्यातला जड तो कॅमेऱ्याचा. पक्षी अभयारण्याच्या माहिती केंद्राच्या वरची खोली मला दिली आहे. भिंतींना ताज्या रंगाचा वास, एक खाट, एक टेबल आणि एक खिडकी, जी उघडायला खालच्या कोपऱ्यावर बुक्की मारावी लागते. मारली. समोर पाणीच पाणी, त्यात पाणकणसांची बेटं आणि त्यांच्यामधून गेलेली फळ्यांची अरुंद वाट. बॅगा सोडायचं सुचेना, तशीच उभी राहिले.

व्यवस्थापकबाई माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. किल्ल्या देतानाच त्यांनी सांगून टाकलं की इथे गरम पाणी त्याच्या मर्जीनं येतं, फोनला रेंज फक्त जिन्यात मिळते, आणि पक्षी सरकारी नोकरीत नसल्यामुळे वेळेवर येतात.

काम माझ्या मनासारखं आहे. वसंत संपेपर्यंत रोज सकाळी पाण्याकाठच्या लपणात बसून पक्ष्यांच्या नोंदी करायच्या आणि ऊन चढायच्या आत चतुर, टाचण्या वगैरे कीटकांचे फोटो काढायचे. प्राणिशास्त्राची पदवी इतक्या वर्षांनी कामाला आली. मधली वर्षं संसारात गेली, शेवटची आईच्या आजारपणात. आई गेली त्यालाही आता बरेच महिने झाले. मी रडले नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. ते खरं नसावं. मला नेमकं काय वाटतं, हे तपासायचंच राहून गेलंय.

जिन्यात उभी राहून लेकीला फोन केला. म्हणाली, जन्मभर मला सरळ बस, हलू नकोस म्हणत आलीस, आता तेच करायचा तुला पगार मिळणार. परीक्षा संपली की येते म्हणाली. आज बऱ्याच दिवसांनी हसले.

४ मार्च, मंगळवार

लपण म्हणजे फळ्यांच्या वाटेच्या टोकाला बांधलेली लाकडी खोली. दार मागे. समोरच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर एक लांबलचक फट आणि तिच्यासमोर एकच लांब बाक. मी उजव्या टोकाला, भिंतीला खेटून बसते. तिथून उथळ पाणी चांगलं दिसतं.

इथले रिवाज मला दुर्बीणकाकांनी समजावले. हे निवृत्त गृहस्थ रोज येतात आणि चहा पितानाही गळ्यातली दुर्बीण काढत नाहीत, म्हणून बाईंनी ठेवलेलं हे नाव. आत गेल्यावर बोलायचं नाही. आधी बसलेल्याला नमस्कार करायचा नाही. मान वळवायची नाही, कारण तेवढ्यानं पाखरू उठतं आणि दुसऱ्याची अख्खी सकाळ वाया जाते. शेजाऱ्याकडे बघायचं असेल तर इथवर यायचं कशाला, म्हणाले, ते घरी फुकट होतं. गुडघा दुखतो म्हणून ते स्वतः समोरच्या काठावरच्या, रस्त्यालगतच्या दुसऱ्या लपणात बसतात.

आज बाकाच्या डाव्या टोकाला आधीच कुणीतरी होतं. शेवाळी रंगाचं जाकीट, डोक्यावर त्याचीच टोपी ओढलेली. रिवाजाप्रमाणे मी पाहिलं नाही, फक्त डोळ्याच्या कोपऱ्यात आलं तेवढंच. शेकाट्यांची जोडी, एक राखी बगळा, चांदवे पुष्कळ. आई गेल्यापासून माझ्या शेजारी बसून सांत्वनाचं एक अक्षरही न बोललेला हा पहिलाच माणूस. बरं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी अजून चांगलीच थंडी असते आणि तीच माझ्या कामाची. गारठलेली टाचणी लव्हाळ्याला चिकटून असते, अंगभर दव, पंख जड. तिला उडता येत नाही. मी कॅमेरा केसभर पुढे सरकवते, फोटो घेते, पुन्हा केसभर. असे पुष्कळ फोटो जोडले की डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळी टाचणी सारखीच स्पष्ट दिसते.

जवळ जायची माझी एक पद्धत आहे. आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही. आणि ती पुढच्या पायानं डोळ्यावरचं दव पुसते, तेवढ्या वेळातच सरकायचं. तिच्या लेखी मी कधी हललेलीच नसते.

आज एकीनं डोळा पुसला आणि मी अगदी जवळ आहे हे तिला कळलं असावं. ती देठाच्या मागे सरकायचा प्रयत्न करत होती, फार सावकाश. हे करणं बरोबर आहे का? मी तिला धरलेलं नाही. पण ती जाऊ शकत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच मी या वेळेला येते. दुर्बीणकाकांजवळ हे बोलले, तर ते म्हणाले, ताई, काही बहाद्दर तर त्यांना फ्रीजमध्ये ठेवतात. फ्रीजमधला चतुर आणि फ्रीजमधली काकडी, फोटोत दोघांच्या चेहऱ्यावर सारखेच भाव.

११ मार्च, मंगळवार

डाव्या टोकाचा माणूस रोज माझ्या आधी आलेला असतो आणि मी उठते तेव्हाही बसलेला असतो. आज दोन गोष्टी लक्षात आल्या. जशा आहेत तशा लिहिते.

एक, माझ्या श्वासाची वाफ फटीतून बाहेर जाताना दिसत होती. त्याची दिसली नाही. मफलर असेल.

दोन, बाहेर आले तेव्हा माझ्या डाव्या बाहीवर दव होतं. बारीक थेंब, ओळीनं. लपणाला छप्पर आहे.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळचा परवाना फक्त तुम्हाला आणि काकांना. मग कुणी फोटोवाला कुंपणातून शिरत असेल म्हणाल्या, त्यांचं गोचिडासारखं असतं, चिकटले की सुटत नाहीत. मीही फोटोवालीच, म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या की म्हणूनच तुमच्या तोंडावर बोलले, पाठीमागे बोलणं बरं नव्हे.

दुपारी त्या स्वतः जाऊन बघून आल्या. कुणी नव्हतं. बाक ओलं होतं, ते पुसून आल्या.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीची परीक्षा संपली. पुढच्या रविवारी येते आहे. तिलाही लपणात बसायचं आहे. मी तिला सगळे रिवाज नीट सांगितले. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही, कुणी बसलेलं असेल तर गुपचूप शेजारी बसायचं. म्हणाली, आई, हे तर अगदी परीक्षेच्या हॉलसारखं आहे.

चहा करताना काहीतरी जळल्याचा वास आला. माझी डावी करंगळी शेगडीला टेकली होती. दुखलं नाही. अजूनही दुखत नाही. तिच्या शेजारचं बोटही बधिर आहे. फोड आलाय तो मी बराच वेळ पाहत बसले. घाबरायला हवं होतं, हे नंतर सुचलं.

१७ मार्च, सोमवार

दुर्बीणकाका आज चहाला थांबले. डोळे मिचकावत म्हणाले की ताई, हल्ली जोडीनं बसता, आम्ही पलीकडच्या काठावरून बघतो हो सगळं. बहीण आली आहे का? नाही म्हटलं. मग ते जरा गोंधळले. त्यांना वाटलं बहीणच असणार, कारण दोघींची डोकी एकाच उंचीवर, मानेचा कल एकसारखा. आणि परकं माणूस इतकं खेटून कशाला बसेल.

खेटून.

तो बाकाच्या डाव्या टोकाला असतो. आमच्यामध्ये चार माणसं बसतील एवढी जागा असते. होती. मी शेवटची कधी पाहिली? मी पाहतच नाही. पाहायचं नसतं.

१८ मार्च, मंगळवार

गेले होते. नेहमीप्रमाणे बसले. समोरच बघत होते, पण आज लक्ष डावीकडे होतं. दुर्बीण डोळ्याला लावली की डोळ्याचा कोपरा झाकला जातो. खाली घेतली की तिथलं शेवाळी जरा मोठं झालेलं असतं. मी स्थिर, तेही स्थिर. पुन्हा दुर्बीण लावली. पुन्हा खाली.

ही पद्धत मला माहीत आहे.

वळून बघायचं ठरवलं. मान वळली नाही. जोर केला नाही म्हणून की जोर चालला नाही म्हणून, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. भीती वाटली असंही लिहिता येणार नाही. एक खंड्या समोरच्या काठीवर येऊन बसला. त्याची नोंद केली.

१९ मार्च, बुधवार

आज गेले नाही. खोलीतच थांबले, अंगावर ऊन घेतलं. थोड्या वेळानं बोटांत मुंग्या आल्या, मग भाजलेली करंगळी ठणकायला लागली. आणि करंगळीपाशी थांबलं नाही. आईचं शेवटचं पाणी मागणं आलं, तिच्या पाठीवरच्या जखमा आल्या, तिची हलकी झालेली मनगटं, सगळं एकदम. मी जमिनीवर बसून ओरडले असावे, कारण बाई धावत वर आल्या. त्यांनी मला धरून ठेवलं. नुसत्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांचा हात फार गरम होता. मला सहन होईना.

म्हणजे लपणात हे दुखत नव्हतं. तिथे काहीच दुखत नव्हतं.

हे नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला कुणी ओढून नेलं असं म्हणता येणार नाही.

२० मार्च, गुरुवार

गेले. स्वतःच्या पायांनी. बसले आणि थोड्याच वेळात सगळं थांबलं. आई लांब गेली. करंगळी लांब गेली. डाव्या खांद्याला गार लागतंय. दाब नाही, फक्त गार.

निघताना पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. दव.

लेक रविवारी येते आहे. तिनं इथे बसता कामा नये. हे मला कळतं. एखाद्या पुस्तकातली गोष्ट कळावी तसं कळतं. आतून काही हलत नाही. म्हणून आत्ताच फोन करायला हवा, इतकंसुद्धा कळेनासं व्हायच्या आत.

केला. येऊ नकोस म्हटलं. का, विचारलं तिनं. थंडी आहे म्हटलं. ती म्हणाली, आजी गेल्यापासून तू अशीच बोलतेस, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच मी येणार, तू काहीही म्हण. तिचा आवाज रडवेला होता. मी आणखी काही बोलायला हवं होतं. शब्द शोधत होते तोवर तिनं फोन ठेवला.

पुन्हा करते.

उद्या करते.

२१ मार्च, शुक्रवार

फोन जिन्यात. जिना लांब.

बाई दोन दिवस गावाला चालल्या. म्हणाल्या, काळजी करू नका, लेक आली की तिला सरळ लपणात पाठवायला सांगून ठेवलंय दारावरच्या माणसाला. माझा चेहरा बघून म्हणाल्या, अहो हसा की जरा, लेक येतेय. मी हसले बहुतेक. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

सांगायला हवं होतं, नका पाठवू. तोंड उघडेपर्यंत त्या गाडीत बसल्या होत्या.

२२ मार्च

वही लपणात आणली आहे. उजवा हात चालतो. सावकाश.

परत जायचं होतं — ऊन चढलं की जाऊ म्हटलं. ऊन चढलं. आत येत नाही.

डावा खांदा, मान, जबडा — काही नाही. वाईट वाटत नाही. हेच वाईट आहे हे माहीत आहे, म्हणून लिहिते.

तिला बोलून सांगता येणार नाही. लिहून दाखवता येईल. पान तयार ठेवते. मोठ्या अक्षरात. मागे फिर.

लिहिलं. पान माझ्याकडे तोंड करून आहे. वळवायला हवं. तिच्यासाठी. दाराकडे —

वळत नाही

रविवार असावा

फळ्यांच्या वाटेवर पावलं. तिचीच. एक पाय जरा घासत चालते, लहानपणापासून.

मला धावत सुटावंसं वाटायला हवं. शोधते आहे. आत कुठेतरी — अगदी खाली — आहे. आहे. धर.

दार उघडलं. तिनं हाक मारली नाही. सांगितलं होतं तसं. पायांचा आवाज न करता आली. माझ्या मागे उभी आहे. जागा बघते आहे. उजवीकडे भिंत. डावीकडे —

खांद्याचं गार निघालं. ते सरकलं. पहिल्यांदाच मला कळेल असं. तिला बसायला जागा करून दिली — आमच्या दोघांच्या मधे.

ती हळूच थँक्यू म्हणाली. त्याला.

बसली. समोर बघते आहे. शहाणी माझी. मांडीला तिची मांडी लागते, गरम आहे अजून, खूप गरम, दुखतंय मला — दुखतंय — हात उचलते आहे, वही तिच्या मांडीवर —

तिनं दुर्बीण डोळ्यांना लाव